गल्ला कुणाच्या हातात?

मागच्या जूनमध्ये आम्ही दोघं अमेरिकेला भाचीकडे गेलो होतो. यलोस्टोनची गरम पाण्याची कारंजी बघायचीच, असा जावईबापूंचा आग्रह. दोन दिवस गाडीत बसून बसून माझे गुडघे बोलायला लागले होते. वाटेत वायोमिंग राज्यातलं जॅक्सन हे गाव लागलं. गावाच्या मधोमध एक छोटा चौक, त्याच्या चारी कोपऱ्यांना एल्क नावाच्या सांबरांच्या शिंगांच्या मोठ्ठ्या कमानी. दर वर्षी आपोआप गळून पडलेली शिंगं गोळा करून त्या उभारतात, असं भाचीनं लगेच सांगून टाकलं, कारण माझा चेहरा तिला वाचता येतो. आमचे हे फोटो काढण्यात गुंग झाले आणि तेवढ्यात पावसाची सर आली. आम्ही धावत जवळच्या इतिहास संग्रहालयात शिरलो. खरं सांगायचं तर पाऊस नसता तर मी त्या चौकातल्या बाकावरून उठले नसते!

आत भिंतीवर एक जुना फोटो होता. पाच बायका ओळीनं उभ्या. डोक्यावर टोप्या, अंगात लांब कोट, चेहऱ्यावर फोटोसाठीचं हसू नाही. भिशीच्या बायका असाव्यात असं वाटावं, इतक्या साध्या. खालची ओळ वाचली आणि मी थबकले. या पाचजणी म्हणजे १९२० साली निवडून आलेलं जॅक्सनचं नगर मंडळ. एक महापौर आणि चार सदस्य, सगळ्या बायका. त्यातली एक गावात हॉटेल चालवत होती, रोझ क्रॅबट्री तिचं नाव. आणि या रोझबाईंनी निवडणुकीत हरवलं कुणाला? स्वतःच्या नवऱ्याला!

मी ती ओळ दोनदा वाचली. मग ह्यांना हाक मारून वाचायला लावली. ते वाचून म्हणाले, "बरं मग?" मी विचारलं, "मी तुमच्याविरुद्ध उभी राहिले तर?" हे म्हणाले, "अनामत जप्त होईल तुझी." दोन पावलं पुढे गेले आणि मागे न बघता म्हणाले, "माझीसुद्धा."

त्या रोझनं मात्र मला काही सोडलं नाही. परत आल्यावर मिळेल ते वाचत गेले. आज तिच्याबद्दल लिहावंसं वाटतंय, त्याला आमच्या गटातली एक बाई कारण आहे. पण ती नंतर. आधी रोझ.

जॅक्सन हे गाव डोंगरांनी वेढलेल्या एका दरीत आहे, समुद्रसपाटीपासून सहा हजार फुटांहून उंच. इंग्रजीत ज्याला 'फ्रंटियर' म्हणतात ना, ती आपल्या वाघा सरहद्दीसारखी दोन देशांमधली रेघ नव्हे. वस्ती संपते आणि रान सुरू होतं, ती जागा म्हणजे फ्रंटियर. अर्थात रान म्हणायचं ते बाहेरून आलेल्या गोऱ्या माणसांनी. शोशोनी आणि इतर मूळ रहिवासी तिथे पिढ्यानपिढ्या येत-जात होतेच, आणि अमेरिकेतल्या सगळ्या मूळ रहिवाशांना त्यांच्याच देशाचं नागरिकत्व मिळायला १९२४ साल उजाडलं. हेही त्याच गोष्टीचं एक पान आहे, ते फाडून बाकीची गोष्ट सांगणं बरं नाही.

१९२० च्या जनगणनेत जॅक्सनची लोकसंख्या होती ३०७. म्हणजे आपल्याकडची एक मोठी वाडी. रेल्वे डोंगरापलीकडे, शेजारच्या आयडाहो राज्यातल्या व्हिक्टर गावापर्यंत यायची. तिथून टीटनची खिंड ओलांडून घोडागाडीनं, आणि बर्फ पडलं की घसरगाडीनं, माणसं, टपाल, पीठ, साखर सगळं गावात यायचं. अशा गावात हॉटेल म्हणजे काय असेल याची कल्पना करा. खिंड उतरून गारठलेला प्रवासी आधी हॉटेलच्या दारात. शिकारीला आलेला शहरी साहेब तिथे, गुरं घेऊन आलेला गुराखी तिथे. गावातली बातमी तिथेच पोचणार आणि भांडणसुद्धा तिथेच मिटणार किंवा पेटणार.

रोझ आणि तिचा नवरा हेन्री, दोघं मिळून चौकाजवळ हे हॉटेल चालवायचे. तिच्या हातच्या जेवणाचं नाव होतं. आता जेवणाचं नाव व्हायचं म्हणजे काय, हे आपल्याला कुणी वेगळं सांगायला नको. लाकडाची चूल, बाहेर गुडघाभर बर्फ, किती माणसं येतील याचा नेम नाही, आणि खिंड बंद झाली की पिठाचं पोतं कधी येईल याचाही नेम नाही. आहे त्यात भागवायचं, पण पाहुण्याला ते जाणवू द्यायचं नाही. कोण पैसे देणारा, कोण बुडवणारा, हे चेहऱ्यावरून ओळखायचं. देणेकऱ्याला दुखवायचं नाही, पण सोडायचंही नाही. ही सगळी शिकवणी कुठल्या कॉलेजात मिळते? मी राज्यशास्त्र घेऊन बी.ए. झाले, मला नाही मिळाली.

त्या वेळची राजकीय हवाही थोडी समजून घ्यायला हवी. वायोमिंगनं बायकांना मताचा हक्क दिला तो १८६९ साली. तेव्हा ते राज्यसुद्धा झालेलं नव्हतं, नुसता प्रांत होता. हेतू सगळे उदात्तच होते असं नाही. तिथे पुरुषांच्या मानानं बायका फारच कमी होत्या, त्या याव्यात, प्रांताचं नाव व्हावं, असाही हिशेब त्यात होता. पण हक्क मिळाला तो मिळाला. १८७० साली त्याच प्रांतात एस्थर मॉरिस नावाची बाई न्यायाधीश म्हणून खुर्चीवर बसली. साऱ्या अमेरिकेत बायकांना मताचा हक्क देणारी घटनादुरुस्ती मंजूर झाली ऑगस्ट १९२० मध्ये. आणि जॅक्सनची ही निवडणूक झाली ११ मे १९२० रोजी. म्हणजे देशातल्या कित्येक राज्यांत बायकांना मतपेटीजवळही उभं करत नव्हते, तेव्हा या गावात पाच बायका निवडून आल्या होत्या.

आणि कशा आल्या? बिनविरोध नाही, कुणी दया केली म्हणूनही नाही. समोर पुरुष उभे होते. महापौरपदाला ग्रेस मिलर उभी राहिली. तिला ५६ मतं, विरोधात उभ्या असलेल्या पुरुषाला २८. बरोबर दुप्पट. रोझला ५० मतं, हेन्रीला ३१. त्या दिवशी संध्याकाळी एकाच घरात एक विजयी आणि एक पराभूत उमेदवार जेवायला बसले असणार. आणि हॉटेल होतं, म्हणजे त्याआधी पाहुण्यांना वाढून झालं असणार!

या ठिकाणी एक गोष्ट स्पष्ट करते. 'अमेरिकेतलं पहिलं महिला मंडळ' असं जॅक्सनबद्दल अनेक ठिकाणी छापलेलं आढळतं. ते खरं नाही. कॅन्सस राज्यातल्या ऑस्कालूसा गावात १८८८ साली महापौर आणि सगळ्या सदस्य बायकाच निवडून आल्या होत्या. युटा राज्यातल्या कॅनॅबमध्ये १९११ साली तसंच झालं. आणि कॅनॅबची गोष्ट तर आपल्याला फारच ओळखीची वाटेल. तिथे कुणी उभंच राहायला तयार नव्हतं, तेव्हा चेष्टा म्हणून बायकांची नावं घातली गेली, आणि त्या निवडून आल्या. चेष्टा करणारे घरी बसले आणि बायकांनी दोन वर्षं कारभार केला. पहिलं कोण याला मी फार महत्त्व देत नाही. पुढे काय केलं, ते महत्त्वाचं.

तर, पुढे काय केलं? जॅक्सनच्या या पाचजणींनी खुर्चीत बसल्यावर आधी तिजोरी उघडून बघितली. आत होते २०० डॉलर. रस्त्यांची दुर्दशा, पाणी वाहून जायला मोऱ्या नाहीत, चौकात मोकाट गुरं, कचरा कुठेही. करायचं काय आणि कशानं? मग त्यांनी थकलेल्या पट्टीच्या याद्या काढल्या आणि स्वतः दारोदार वसुलीला गेल्या. दोन आठवड्यांत २०० चे २००० डॉलर झाले. कुठलंही कर्ज न घेता, गावाचेच गावाकडे अडकलेले पैसे.

मला खात्री आहे, या कामात रोझचा हात भारी पडला असणार. ग्रेस मिलर बँकवाल्याची बायको, जॅक्सन गावाची आखणीच तिनं १९०१ च्या सुमारास केलेली, म्हणजे हिशेब तिच्याही रक्तात होता. पण उधारी कशी मागायची, हे हॉटेलवालीइतकं कुणाला कळणार?

पैसे आल्यावर रस्ते दुरुस्त झाले. मोऱ्या बांधल्या गेल्या. चौक साफ करून सारखा केला गेला. हो, आज जिथे मी गुडघे चोळत बसले होते तोच चौक. दफनभूमीची जागा रीतसर गावाच्या ताब्यात आली आणि तिथे जायला नीट रस्ता झाला. बर्फाळ गावात मयताला धड रस्ता नसणं म्हणजे काय, याचा विचार घरातलं मरण निस्तरलेल्या बाईलाच आधी सुचतो, असं मला वाटून गेलं. नेमणुकाही त्यांनी बायकांच्याच केल्या. कारकून मार्टा विंगर, खजिनदार व्हायोला लुनबेक, आरोग्य अधिकारी एडना हफ. आणि गावची पोलीस अंमलदार म्हणून पर्ल विल्यम्स नावाची तरुण मुलगी! तिचं मुख्य काम काय, तर चौकात शिरलेली गुरं हाकलणं. पण दूरच्या वर्तमानपत्रांना पिस्तूलवाली मुलगी हवी होती. एका वार्ताहरानं फारच खोदून विचारलं तेव्हा तिनं सांगून टाकलं, तीन माणसं मारली आणि मीच पुरली, तेव्हापासून काही त्रास नाही. बिचाऱ्यानं छापलंसुद्धा!

वर्तमानपत्रांनी या मंडळाला नाव दिलं 'पेटिकोट सरकार'. थट्टेचा सूर आपल्या ओळखीचाच. पण गावानं थट्टा केली नाही. १९२१ साली पुन्हा मतं पडली तेव्हा त्या आधीपेक्षा मोठ्या फरकानं आल्या. १९२३ पर्यंत त्यांनी कारभार केला, आणि मग आपापल्या कामाला लागल्या.

इथपर्यंतची गोष्ट मी आमच्या महिला मंडळात सांगितली तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अध्यक्षीय समारोपात एक ज्येष्ठ पाहुणे म्हणाले, "बाई घर सांभाळते तसंच तिनं गाव सांभाळलं." पुन्हा टाळ्या. मी मात्र घरी येईपर्यंत अस्वस्थ होते. का, ते कळायला दोन दिवस लागले.

ग्रेस मिलर स्वतःसुद्धा असंच म्हणाली होती बरं का, की घरात जी काटकसर करतो तीच आम्ही गावात केली. तिनं म्हणणं ठीक आहे. तो तिचा नम्रपणा, किंवा हुशारीसुद्धा. पण आपण शंभर वर्षांनी तेच वाक्य म्हणत राहतो तेव्हा त्यातून एक गोष्ट हळूच गळून जाते. रोझ क्रॅबट्री घर सांभाळत नव्हती, ती धंदा सांभाळत होती. रोजच्या रोज पैशाची आवक-जावक बघत होती. अनोळखी पुरुषांशी व्यवहार करत होती. नफा-तोटा तिला कळत होता. हेन्रीनं हॉटेल चालवलं तर तो 'व्यावसायिक' आणि रोझनं चालवलं तर ती 'सुगरण', असं का?

आपल्याकडेही हेच. गिरणगावातल्या खानावळवाल्या बायका आठवा. एकेक बाई पंधरा-वीस गिरणी कामगारांना दोन वेळा जेवू घालायची. वाण्याची उधारी, कामगारांचा पगार होईपर्यंतची उसनवारी, सावकाराचं व्याज, हे सगळं तिच्या डोक्यात. पण तिला कुणी विचारलं, "काय करता?" तर ती म्हणायची, "काही नाही, घरीच असते." प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते याच बायकांना घेऊन, आणि बँकेच्या दारात त्यांना कर्जदार म्हणून उभं केलं. तेव्हा कुठे कळलं की ही 'घरीच' असणारी बाई एक पूर्ण व्यवसाय चालवत होती. बदललं काय होतं? काम तेच होतं. त्याला नाव मिळालं.

आता आमच्या गटातल्या बाईंकडे येते. तिचं नाव लिहीत नाही, गावही नाही. एस.टी. स्टँडसमोर तिचं छोटं हॉटेल आहे. मिसळ, भजी, दुपारी झुणका-भाकर. पहाटे चारला उठते. ट्रकवाले, कंडक्टर, बाजाराला आलेले शेतकरी, सगळ्यांशी तिचं हसून बोलणं आणि सगळ्यांचा हिशेब तोंडपाठ. एकदा माझ्यासमोर एका आडदांड माणसाला तिनं तीन महिन्यांच्या उधारीवरून अडवलं. आवाज चढवला नाही. नुसतं भज्याचं ताट हातात धरून उभी राहिली आणि म्हणाली, "भाऊ, आधी मागचं." त्यानं खिशात हात घातला.

तीन वर्षांपूर्वी जागा महिलांसाठी राखीव झाली आणि ती सरपंच झाली. आम्ही गटातल्या सगळ्याजणी गुलाल खेळलो. काही महिन्यांनी मी एका कामासाठी तिच्या ग्रामपंचायतीत गेले. खुर्चीत तिचा नवरा. ती बाजूच्या बाकावर, पदर डोक्यावर, हातात पेन. तो कागद पुढे सरकवायचा, ती सही करायची. मला बघून तिनं ओळखीचं हसू दिलं आणि नजर खाली घातली. मी तर बघतच राहिले. हीच का ती भज्याचं ताट धरून उभी राहणारी?

संध्याकाळी मुद्दाम हॉटेलात गेले. गिऱ्हाईक पांगल्यावर विचारलं, "अगं, असं का?" ती कढई घासता घासता म्हणाली, "ताई, इथं गल्ला माझ्या हातात असतो. तिथं गल्ला कुठं ठेवलाय, तेच मला कुणी दाखवत नाही."

मैत्रिणींनो, या एका वाक्यावर मला एक पुस्तक लिहिता येईल. आपण बायकांना खुर्ची दिली. १९९३ मध्ये ७३वी आणि ७४वी घटनादुरुस्ती अमलात आली, एक तृतीयांश जागा राखीव झाल्या. २०११ पासून महाराष्ट्रात निम्म्या जागा. कायद्यानं त्याचं काम केलं. हजारो बायका उंबऱ्याबाहेर आल्या, त्यातल्या कितीतरी जणींनी गावाचं पाणी, शाळा, दारूबंदी यांत करून दाखवलं. आरक्षणावर नाक मुरडणाऱ्यांना मी नेहमी सांगते, आरक्षण नसतं तर त्या बायका तुम्हाला दिसल्याही नसत्या. पण खुर्ची देणं आणि गल्ल्याची किल्ली देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. किती निधी आला, कुठल्या खात्यात आला, कशावर खर्च झाला, थकबाकी कुणाची, हे जिला माहीत नाही ती सरपंच नाही, ती सहीचा शिक्का आहे.

जॅक्सनच्या बायकांनी भाषणं केली नाहीत, उद्घाटनं केली नाहीत. आधी तिजोरी उघडली. मला त्यांचं मोठेपण इथे वाटतं. तिजोरी रिकामी निघाली याचं त्यांना आश्चर्यही वाटलं नसेल. सगळं ठाकठीक असताना गाव बायकांच्या हातात सहसा देत नाहीत. ऐंशी मतदारांच्या गावात २०० डॉलरवर आलेला कारभार पुरुषांना फारसा गोड लागत नसावा. आपल्याकडेही ज्या समितीत पैसा नाही तिथे 'महिलांना संधी द्या' असं लगेच सुचतं. संधी मिळते तीही खरकटं काढायची! तरीसुद्धा संधी सोडू नये, कारण ते खरकटं काढताना भांडी किती आणि कुणाची, हे कळतं.

महाराष्ट्रात हे घडलं नाही असं नाही. शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीनं ग्रामपंचायतींसाठी सगळ्या बायकांचं पॅनेल उभं करायचं ठरवलं, तेव्हा घटनादुरुस्ती व्हायला अवकाश होता. १९८९ साली जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरसारख्या गावात सगळ्याच्या सगळ्या बायका निवडून आल्या. तिथेही समोर पुरुष होते, तिथेही हसणारे होते. पाच किंवा नऊ बायका एकत्र बसल्या की एकीचा नवरा खुर्चीत बसू शकत नाही, ही त्यातली साधी गोम आहे. एकटी बाई सगळ्या पुरुषांत बसली की ती 'महिला सदस्य' होते. पाचजणी बसल्या की ते 'मंडळ' होतं. रोझ एकटी निवडून आली असती तर ती फक्त हेन्रीची बायको राहिली असती का? मला वाटतं, तो धोका होताच.

आणि आता माझा स्वतःचा कबुलीजबाब. आठ वर्षांपूर्वी आमच्या वॉर्डातून मला नगरपालिकेला उभं राहायला विचारलं होतं. मी म्हटलं, "छे हो, मला राजकारणातलं काय कळतं?" सगळ्यांना ते उत्तर फार आवडलं. किती साधी बाई! त्याच वर्षी मी सासूबाईंचं आजारपण, मुलाचं कॉलेज, घराचं कर्ज आणि बावीस बचतगटांची खाती सांभाळत होते. एकाही गटाचा हप्ता थकला नव्हता. माझ्या वॉर्डातली थकबाकी मात्र माझ्याच्यानं वसूल झाली नसती, असं मीच मला सांगितलं. कुणी अडवलं नव्हतं. ह्यांनीही नाही. मीच माझ्या कामाला काम म्हणत नव्हते. समारोपातल्या त्या पाहुण्यांवर मी चिडले खरी, पण 'घर सांभाळते तसं गाव' हे वाक्य माझ्या मनात आधीपासून मुक्कामाला होतं, फक्त उलटं. मी फक्त घर सांभाळते, म्हणून गाव माझं काम नाही.

त्यामुळे उपदेश करायचा मला फारसा अधिकार नाही. पण एक काम मी केलं. आमच्या हॉटेलवाल्या सरपंच बाईंना रोझची गोष्ट सांगितली. फोटोही दाखवला, भाचीनं मोबाइलवर पाठवलेला. तिनं तो बराच वेळ बघितला. मतांचे आकडे ऐकून तोंडाला पदर लावून हसली. मग एकदम विचारलं, "नवऱ्याला हरवल्यावर हॉटेल कुणी चालवलं?" मी म्हटलं, "दोघांनीच असेल की." "मग बरंय," ती म्हणाली. तिची खरी भीती तिथे होती, हे मला तेव्हा कळलं. पराभवाची नाही, घर मोडण्याची. आपण भाषणात हे कधी धरतच नाही.

त्यानंतर आम्ही एक साधी गोष्ट ठरवली. दर महिन्याच्या बैठकीआधी गटातल्या दोघीजणी तिच्याबरोबर जाऊन ग्रामसेवकांकडे जमा-खर्चाची वही मागायची. भांडायचं नाही, वही मागायची. पहिल्या वेळी वही 'तालुक्याला गेली' होती. दुसऱ्या वेळी कपाटाची किल्ली सापडेना. तिसऱ्या वेळी ती बाकावर बसली आणि म्हणाली, "सापडू दे, आम्ही बसतो." सोबत डब्यात भजी होती. तासाभरानं किल्ली सापडली.

वही उघडल्यावर घरपट्टीच्या थकबाकीची यादी निघाली. तिनं बोट फिरवत फिरवत नावं वाचली. वाचताना अडखळत होती, पण नावं सगळी ओळखीची होती. निम्मे तिच्या हॉटेलातले गिऱ्हाईक! यादीच्या शेवटी तिच्या नवऱ्याच्या चुलतभावाचंही नाव होतं. तिनं वही मिटली, क्षणभर गप्प बसली. मला वाटलं, संपलं.

ती उठली, पदर खोचला आणि म्हणाली, "चला ताई. आधी घरच्यांचं घेऊ, मग बाकीच्यांना तोंड उघडायला जागा राहणार नाही."

त्या महिन्यात किती वसूल झाले, ते इथे लिहीत नाही. जॅक्सनइतके नाही झाले. खुर्चीत अजूनही कधी कधी तिचा नवरा बसलेला दिसतो. पण कपाटाची किल्ली आता तिच्या कमरेला, हॉटेलच्या गल्ल्याच्या किल्लीच्याच जुडग्यात आहे. मी स्वतः बघितली.

पुढच्या निवडणुकीला मला कुणी विचारलं, तर मी काय उत्तर देईन, याचा मी सध्या विचार करतेय. "मला काय कळतं" हे उत्तर मात्र बाद. ह्यांनाही तसं सांगून ठेवलंय. ते म्हणाले, "कुणाविरुद्ध उभी राहणार आहेस, तेवढं आधी कळव."